एचआयव्ही आणि हिपॅटायटिस दोन्ही असतील तर रक्ताचे रिपोर्ट कसे वाचायचे

ज्यांना एचआयव्ही आहे आणि सोबत हिपॅटायटिस सी किंवा बी पण आहे, किंवा घरात असं कुणी आहे आणि फाईल सांभाळायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी लॅबमध्ये सीडी४ (इम्युनिटीच्या ज्या पेशी एचआयव्ही मारतो त्या) मोजायच्या मशीनवर बसते. डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी घ्या हे मी सांगणार नाही, पण रिपोर्टवरचे आकडे कसे तयार होतात आणि कुठे फसवतात ते रोज बघते. आणि दोन व्हायरस एकत्र असले की आकडे जरा जास्तच फसवतात, कारण एका व्हायरससाठी केलेल्या टेस्टचा अर्थ दुसरा व्हायरस बदलून टाकतो. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली नॉर्मल रेंज निरोगी माणसांवरून काढलेली असते, तुमच्या अंगात दोन-तीन व्हायरस आहेत हे त्या रेंजला माहीत नसतं. त्यामुळे एकटा आकडा धरून घाबरायचं पण नाही आणि खूश पण व्हायचं नाही, त्याच्या जोडीला कुठला दुसरा आकडा बघायचा एवढं कळलं की अर्धं काम झालं.

आधी कुठले व्हायरस खरंच आहेत ते नक्की करा

हे सोपं वाटतं पण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो. हिपॅटायटिस सी ची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे तो व्हायरस कधीतरी अंगात आला होता एवढंच कळतं, आत्ता आहे की नाही ते आरएनए टेस्ट, म्हणजे थेट व्हायरस शोधणारी टेस्ट, सांगते. काही लोकांचा व्हायरस पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघून जातो (एचआयव्ही असेल तर तसं कमी वेळा होतं) आणि औषधाने बरा झाला तरी अँटीबॉडी पुढे वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे बरे झालेले लोक दर हेल्थ चेकअपला तीच टेस्ट बघून पुन्हा हादरतात. उलटंही होतं. सीडी४ खूपच कमी असेल तर शरीर अँटीबॉडी बनवतच नाही नीट, मग व्हायरस असूनही टेस्ट निगेटिव्ह येते. एएलटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतो तो आकडा) विनाकारण वाढलेला दिसतोय आणि सी ची अँटीबॉडी निगेटिव्ह आहे असं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की आरएनए करून बघायची का.

हिपॅटायटिस बी साठी एक नाही तर तीन टेस्ट एकत्र बघायच्या. एचबीएसएजी म्हणजे व्हायरस आत्ता आहे, अँटी-एचबीसी म्हणजे कधीतरी खऱ्या व्हायरसशी गाठ पडली होती, आणि अँटी-एचबीएस म्हणजे संरक्षण आहे, मग ते लसीमुळे असेल किंवा बरं झाल्यामुळे. एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह हे कॉम्बिनेशन फाईलवर लाल पेनाने लिहून ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे. आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर डेल्टा म्हणजे हिपॅटायटिस डी ची टेस्ट एकदा तरी झालीये का ते बघा, हा व्हायरस बी शिवाय पसरूच शकत नाही पण बी सोबत असला की लिव्हरची वाट खूप लवकर लावतो. ही टेस्ट करायची राहून जाते, मागून घ्यावी लागते.

चौथा पाहुणा सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. हा जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात असतोच, एकदा आला की जात नाही, आणि एचआयव्ही असलेल्यांत तर नसलेला माणूस शोधावा लागतो. त्याचा त्रास बहुतेकांना काही जाणवत नाही, पण सीडी८ च्या आकड्यावर त्याचा हात असतो, ते खाली येईलच.

आत नेमकं काय चाललेलं असतं

हा भाग थोडा डोक्याला ताप आहे पण वाचा, कारण पुढचे सगळे आकडे यातूनच येतात.

एचआयव्ही आल्याआल्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या भिंतीतल्या सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात, त्यातही टीएच१७ नावाच्या ज्या पेशी आतड्याचं अस्तर सांभाळतात त्या जास्त. मग अस्तर थोडं गळकं होतं आणि आतड्यातल्या बॅक्टेरियांचे तुकडे, मुख्य म्हणजे एलपीएस, रक्तात झिरपायला लागतात. एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) चालू केल्यावर हे कमी होतं पण पूर्ण थांबत नाही. आता आतड्यातून निघालेलं रक्त सगळ्यात आधी जातं कुठे, तर लिव्हरमध्ये. तिथे कुप्फर पेशी असतात ज्या हा कचरा गिळतात. म्हणजे ज्या अवयवाने ही गळती निस्तरायची त्याच अवयवात हिपॅटायटिसचा व्हायरस बसलेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. लिव्हरमध्ये फायब्रोसिस, म्हणजे चट्टे, वाढला की कचरा साफ होत नाही, तो पुढे सगळ्या अंगात फिरतो, मोनोसाइट नावाच्या पेशी तो बघून भडकतात, आयएल-६ सारखे सिग्नल सोडतात, आणि त्या सिग्नलमुळे लिव्हरमध्ये अजून चट्टे पडतात. चक्र चालू.

दुसरीकडे सीडी८ पेशी. या व्हायरस असलेल्या पेशी मारणाऱ्या. सी व्हायरस, एचआयव्ही, सीएमव्ही, सगळीकडून सतत हाका येत असल्यामुळे त्या कायम चालू अवस्थेत राहतात. मशीनवर हे दिसतं, अशा पेशींच्या अंगावर सीडी३८ आणि एचएलए-डीआर हे दोन मार्कर एकदम चमकतात. आणि महिनोन्महिने असंच चाललं की त्या थकतात, म्हणजे पीडी-१ सारखे ब्रेक वाढतात, पेशी संख्येने असतात पण काम करत नाहीत. म्हणून 'सीडी८ भरपूर आहेत, म्हणजे इम्युनिटी मस्त' असं अजिबात नसतं. दोन व्हायरस असलेल्यांत हे दोन्ही, चालू राहणं पण आणि थकणं पण, एकट्या एचआयव्हीवाल्यांपेक्षा साधारणपणे जास्त दिसतं, खासकरून सी चा उपचार झालेला नसेल तर.

बाकी प्रत्येक जादाचा व्हायरस वाईटच करतो असंही नाही हं. पेगीव्हायरस म्हणून एक आहे, त्याला आधी हिपॅटायटिस जी म्हणायचे, तो माणसाला काहीच आजार करत नाही असं दिसतंय, आणि चांगली औषधं यायच्या आधीच्या काळात ज्या एचआयव्हीवाल्यांच्या रक्तात तो होता ते जास्त जगले असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं. त्याची टेस्ट करायला धावू नका, त्यावर करण्यासारखं काही नाही.

सीडी४ चा आकडा: टक्का बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही

आता माझ्या कामाचा भाग, त्यामुळे जरा रेंगाळणार आहे.

तुमचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये येतं. ती ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची नसते, साध्या तापमानाला ठेवायची आणि एक-दोन दिवसांच्या आत मशीनवर चढवायची. आम्ही त्यात रंगीत अँटीबॉडी टाकतो, एक पेशीच्या अंगावरच्या सीडी४५ नावाच्या मार्करला चिकटते, एक सीडी३ ला, एक सीडी४ ला, एक सीडी८ ला. मग पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात आणि स्क्रीनवर ठिपक्यांचे ढग दिसतात. त्यातला आम्हाला हवा तो ढग म्हणजे सीडी३ आणि सीडी४ दोन्ही असलेला. नुसतं सीडी४ बघून चालत नाही, कारण मोनोसाइटवर पण थोडं सीडी४ असतं आणि ते मोजले गेले तर आकडा खोटाच वाढतो. मोठा आजार असलेल्या माणसाचे ढग कधीकधी एकमेकांत मिसळलेले असतात, तेव्हा रेघ कुठे मारायची यात थोडा हाताचा भाग येतो, खोटं का सांगू.

या मशीनमधून खरं तर पहिल्यांदा टक्का निघतो, म्हणजे शंभर लिम्फोसाइटमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सीडी४ किती. आकडा, म्हणजे ते जे ४८६ वगैरे लिहिलेलं असतं, तो काही लॅबमध्ये सीबीसी (रक्तातल्या पेशींची साधी मोजणी) मधल्या लिम्फोसाइटच्या संख्येने टक्क्याला गुणून काढतात आणि काही लॅबमध्ये संख्या माहीत असलेले बारीक मणी रक्तात टाकून थेट काढतात. म्हणून लॅब बदलली की आकडा बदलू शकतो, तब्येत तीच असली तरी. शक्यतो एकच लॅब धरा आणि शक्यतो रोजच्या त्याच वेळेला रक्त द्या, सीडी४ सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतो. सर्दीताप, नुकतीच घेतलेली लस, स्टेरॉइड, यानेपण हलतो. दोन रिपोर्टमध्ये आकडा साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी हलला असेल किंवा टक्का ३ ने सुद्धा हलला नसेल तर त्याला बदल म्हणायचंच नाही, ५२० चा ४३० झाला म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही.

आता हिपॅटायटिसवाल्यांची खरी गोष्ट. लिव्हर कडक झालं, सिरॉसिस झालं, की प्लीहा सुजते आणि रक्तातल्या पेशी तिथे अडकून पडतात. प्लेटलेट कमी होतात, पांढऱ्या पेशी कमी होतात, लिम्फोसाइट पण कमी होतात. उदाहरण धरा. लिम्फोसाइट १८००, सीडी४ २७ टक्के, तर आकडा आला ४८६. दोन वर्षांनी त्याच माणसाची प्लीहा वाढली, लिम्फोसाइट झाले ९००, टक्का तोच २७, आकडा आला २४३. एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती तो आकडा) दोन्ही वेळेला सापडत नाही इतका कमी. म्हणजे एचआयव्हीची औषधं फेल झाली का? नाही. वर्गातली अर्धी मुलं त्या दिवशी गैरहजर होती, पण मुलं-मुलींचं प्रमाण तेच राहिलं, तसं आहे हे. जो माणूस नुसता २४३ बघेल तो एचआयव्हीच्या मागे लागेल, आणि खरा प्रश्न लिव्हरचा आहे तो तसाच राहील. म्हणून नियम असा की आकडा पडला आणि टक्का जागेवर असेल तर नजर लगेच प्लेटलेटवर न्यायची. दोन्ही पडले असतील तर मग व्हायरल लोड, औषधं वेळेवर चालू आहेत का, नवीन काही इन्फेक्शन, हा रस्ता.

अर्थात आकडा २०० च्या खाली गेला तर टक्का चांगला आहे म्हणून इन्फेक्शन होऊ नये यासाठीच्या संरक्षणाच्या गोळ्या स्वतःच नाकारायच्या असा याचा अर्थ काढू नका, तो निर्णय डॉक्टरांचा. टक्का १४ च्या खाली असेल तर ती वेगळी धोक्याची खूण आहे.

आणि उलट फसवणूक करणारा पण एक व्हायरस आहे, एचटीएलव्ही-१. जगाच्या काही भागांतच जास्त आढळतो. तो सीडी४ पेशींची संख्या वाढवतो, त्यामुळे एचआयव्ही सोबत तो असेल तर सीडी४ छान दिसतो पण त्या पेशींकडून तेवढं संरक्षण मिळत नाही. छान आकडा आणि तरीही कमी इम्युनिटीची इन्फेक्शनं होतायत असं दिसलं तर डॉक्टर तो विचार करतात.

सीडी४ ला सीडी८ ने भागा

रिपोर्टवर रेशो दिलेला असतो, नसेल तर स्वतः भागा. निरोगी माणसात तो बहुधा १ च्या वर असतो. एचआयव्हीत उलटा होतो. एआरटी वर काही वर्षं झाली, सीडी४ ७०० झाला, लोड सापडत नाही, सगळे म्हणतात मस्त, आणि रेशो अजून ०.६. बहुतेक वेळा याचं कारण सीडी४ नसतं, सीडी८ तिकडे ११५०-१२०० वर बसलेले असतात, आणि त्यांना तिथे बसवून ठेवण्यात सीएमव्हीचा मोठा वाटा असतो. रेशो बराच काळ कमी राहणाऱ्यांत हृदयाचे, कॅन्सरचे वगैरे आजार जास्त दिसतात, पण रेशो वाढवायची अशी काही गोळी नाही. तो कमी दिसला तर करायचं एवढंच की बाकीच्या ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत, बीपी, साखर, सिगरेट, त्यात ढिलाई करायची नाही.

सीआरपी नॉर्मल आला तर खूश का व्हायचं नाही

मला वाटतं पूर्ण लेखातला सगळ्यात कामाचा मुद्दा हा. आतली सूज म्हणजे इन्फ्लमेशन मोजायला लोक सीआरपी करतात, स्वस्त आहे, कुठेही होते. पण सीआरपी बनतो कुठे? लिव्हरमध्ये. आयएल-६ लिव्हरला सांगतो की बनव, मग लिव्हर बनवतं. हिपॅटायटिस सी चालू असलेल्या लोकांत वरचा सिग्नल म्हणजे आयएल-६ वाढलेला असतो आणि सीआरपी मात्र अपेक्षेपेक्षा कमी निघतो. म्हणजे ज्यांना सूज जास्त आहे त्यांचाच सीआरपी छान दिसतो. एलडीएल कोलेस्टेरॉलचं पण तसंच, सी असताना ते कमी राहतं आणि सी बरा झाल्यावर वाढतं, तेव्हा लोकांना वाटतं औषधाने कोलेस्टेरॉल वाढवलं. हार्टचा धोका काढायच्या कॅल्क्युलेटरमध्ये हे दोन्ही आकडे टाकले की धोका खोटाच कमी दिसणार हे उघड आहे. सी बरा झाल्यावर काही महिन्यांनी लिपिड पुन्हा करून मगच हिशोब करावा.

सीआरपी करायचाच असेल तर दोन-तीन गोष्टी. युनिट बघा, काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात आणि काही प्रति डेसिलिटर, दहापटीचा फरक आहे, ०.८ आणि ८ एकच असू शकतं. १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर आधी सर्दी, दात, लघवीचं इन्फेक्शन असं ताजं काही आहे का बघा आणि दोनेक आठवडे थांबून पुन्हा करा. डी-डायमर म्हणजे रक्त गोठण्याशी जोडलेला मार्कर, त्याला पण असाच युनिटचा घोळ आहे, एफईयू मधला आकडा डीडीयू मधल्या आकड्याच्या साधारण दुप्पट असतो, दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'दुप्पट झाला' म्हणून घाबरणारे मी बघितलेत.

आयएल-६ आणि डी-डायमर एवढे प्रसिद्ध का झाले तर स्मार्ट नावाचा मोठा ट्रायल. त्यात ५४७२ लोक होते, अर्ध्यांनी एआरटी सलग घ्यायची आणि अर्ध्यांनी सीडी४ चांगला असला की बंद करायची, पडला की चालू. विचार असा की औषधांचे साइड इफेक्ट वाचतील. २००६ साली ट्रायल मध्येच थांबवावा लागला, कारण औषध बंद करणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि त्यातले बरेच एड्सच्या आजारांनी नाही तर हृदय, किडनी, लिव्हर यांच्यामुळे. नंतर साठवलेलं रक्त तपासलं तेव्हा ज्यांचा आयएल-६ आणि डी-डायमर वाढलेला होता त्यांच्यात मृत्यूचा धोका कितीतरी जास्त होता. पुढे २०१५ मध्ये स्टार्ट ट्रायलने दाखवलं की सीडी४ ५०० च्या वर असतानाच औषध चालू केलेलं बरं. तेव्हापासून वाट बघायची भाषा संपली.

पण म्हणून स्वतःच्या खिशातून आयएल-६, एससीडी१४, एससीडी१६३ असलं पॅनल करून घ्यायचं का? माझं मत, नको. एससीडी१४ आणि एससीडी१६३ हे मोनोसाइट आणि मॅक्रोफेज भडकलेत याचे मार्कर, रिसर्चमध्ये फार उपयोगी आहेत, गटागटांची तुलना करताना फरक स्वच्छ दिसतो, पण एका माणसासाठी अमुक आकड्याच्या वर गेला तर तमुक करा असं काही ठरलेलं नाही. आकडा हातात येईल, त्याचं करायचं काय हे कुणी सांगू शकणार नाही, आणि नुसती काळजी वाढेल.

लिव्हरचा हिशोब घरी काढता येतो

त्यापेक्षा फिब-४ काढा, लिव्हरमध्ये चट्टे किती असतील याचा तो अंदाज, फुकट आहे. हा फॉर्म्युला मुळात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या लोकांच्या डेटावरूनच २००६ मध्ये बनवला गेला, म्हणजे अगदी आपल्यासाठीचाच. वय गुणिले एएसटी (एएलटीसारखाच लिव्हरचा आकडा), हे वर. खाली प्लेटलेट (हजारात) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. समजा वय ५०, एएसटी ७२, एएलटी ६४, प्लेटलेट १ लाख २५ हजार. वर ५० गुणिले ७२ म्हणजे ३६००. खाली १२५ गुणिले ८ म्हणजे १०००. उत्तर ३.६. तो १.४५ च्या खाली असेल तर जास्त फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, ३.२५ च्या वर असेल तर शक्यता बरीच, मधे असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक आहे ते मोजणारी टेस्ट) वगैरे करून बघावं लागतं. पस्तिशीच्या आतल्यांना आणि पासष्टच्या पुढच्यांना हा नीट लागू होत नाही, वय फॉर्म्युल्यातच आहे ना. आणि एचआयव्हीमुळे पण प्लेटलेट कमी होऊ शकतात, लिव्हर ठीक असताना, तेव्हा उत्तर खोटं वाढतं.

एएलटी अचानक वाढला तर तारखा बघायच्या, आकडा नंतर. गेल्या दोन-तीन महिन्यांत काय बदललं? बी व्हायरस आहे आणि एआरटी नुकतीच चालू केली, तर इम्युनिटी परत जागी होऊन लिव्हरमधल्या व्हायरसवर तुटून पडली असेल असं होऊ शकतं. बी आहे आणि एआरटीची गोळी बदलली, तर नवीन कॉम्बिनेशनमध्ये टेनोफोव्हिर आहे का ते ताबडतोब बघा. टेनोफोव्हिर एचआयव्ही आणि बी दोघांवर चालतं, लॅमिव्हुडिन पण दोघांवर चालतं पण बी साठी एकटं पुरत नाही, व्हायरस त्याला दाद देईनासा होतो. डोलुटेग्राव्हिर-लॅमिव्हुडिन अशी दोन औषधांची गोळी किंवा महिना-दोन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं सोयीची वाटतात, पण बी असलेल्या माणसाला ती देताना बी ची सोय वेगळी करावी लागते. टेनोफोव्हिर अचानक बंद झालं तर बी उसळून लिव्हर फेल होण्यापर्यंत जाऊ शकतं. एचआयव्ही कंट्रोलमध्ये आहे म्हणून बदलू म्हणणाऱ्या प्रत्येकाला बी ची आठवण करून द्यायची, हे काम पेशंटनेच करावं लागतं कधीकधी.

आणि तो लाल पेनाचा विषय. सी ची औषधं चालू केल्यावर सी भराभर नाहीसा होतो आणि त्याने दाबून ठेवलेला बी डोकं वर काढू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये याबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. म्हणून सी च्या उपचाराआधी बी च्या तीनही टेस्ट झाल्याच पाहिजेत, आणि नुसती अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तरी मधेमधे एएलटी बघत राहायचं.

सी बरा झाल्यावर काय खाली येतं, काय येत नाही

आजकालच्या गोळ्यांनी ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात, एचआयव्ही असला तरी जवळपास तेवढेच. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए निगेटिव्ह असेल तर बरा झाला. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, वर्षभर ताप आणि डिप्रेशन, आणि गंमत म्हणजे त्या काळात सीडी४ चा आकडा पडायचा आणि टक्का तसाच राहायचा, परत तोच धडा.

बरा झाल्यावर एएलटी खाली येतो, एससीडी१६३ आणि आयपी-१० सारखे मार्कर बऱ्यापैकी खाली येतात, प्लेटलेट हळूहळू सुधारतात. पण सीडी८ चा थकवा पूर्ण जात नाही, आणि मेट नावाच्या पेशी, ज्या आतडं आणि लिव्हरच्या भागात बॅक्टेरियांवर नजर ठेवतात, त्या कमी झालेल्या असतात त्या नीट परत येत नाहीत. सीडी४ मध्ये मोठी उडी येईल अशी अपेक्षा ठेवू नका. फिब-४ पण पटकन खाली येतो, पण त्यातला बराचसा भाग एएसटी-एएलटी उतरल्याचा असतो, चट्टे गेलेत असं नाही. ज्यांना उपचाराआधी सिरॉसिस होतं त्यांनी सी बरा झाल्यावर पण दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची, लिव्हर कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. बी मध्ये तर सिरॉसिस नसताना पण कॅन्सर होऊ शकतो. आणि सी पुन्हा होऊ शकतो, एकदा झाला म्हणून संरक्षण मिळत नाही, आणि पुन्हा झालाय का ते अँटीबॉडीने कळणार नाही, आरएनएच करावी लागते.

मग सूज कमी करायला करायचं काय

सगळ्यात मोठं काम एआरटी करते, रोज, न चुकता. दुसऱ्या नंबरला सी चा उपचार, आणि बी असेल तर टेनोफोव्हिर. त्यानंतर बाकी सगळं. दारू पूर्ण बंद, यात थोडी चालेल वगैरे मी लिहिणार नाही, आतड्याची गळती दारूने वाढते आणि लिव्हरला दोन्हीकडून मार बसतो. सिगरेट पण तेच. बी ची लस घेतली नसेल तर घ्या, आणि घेतल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजा, १० च्या वर हवा. एचआयव्ही असलेल्यांत लस कमी वेळा लागू पडते, न लागल्यास दुप्पट डोस किंवा नवीन प्रकारची लस देतात, पण मोजलंच नाही तर कळणार कसं. हिपॅटायटिस ए ची पण घ्या.

स्टॅटिनबद्दल डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. रिप्रीव्ह ट्रायलमध्ये ४० ते ७५ वयाचे ७७६९ एचआयव्हीवाले लोक होते, हार्टचा धोका फार नसलेले, आणि पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे ३५ टक्क्यांनी कमी झाले, २०२३ मध्ये निकाल आला. मात्र लिव्हर फार बिघडलेलं असेल तर स्टॅटिन चालत नाही.

इम्युनिटी बूस्टर नकोत. वर वाचलंत ना, इथे प्रॉब्लेम इम्युनिटी झोपल्याचा नाही तर एक भाग सतत भडकलेला आणि एक भाग थकलेला असण्याचा आहे, त्याला अजून बूस्ट काय करणार. शिवाय काही हर्बल गोळ्या थेट लिव्हरला मारक आहेत, काही एआरटीचं रक्तातलं प्रमाण पाडतात. साध्या वाटणाऱ्या गोळ्या पण सांगा, ॲसिडिटीच्या गोळ्यांनी सी ची काही औषधं नीट शोषली जात नाहीत, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या डोलुटेग्राव्हिरला अडवतात. लिव्हरपूल युनिव्हर्सिटीचा औषधांच्या इंटरॅक्शनचा चेकर फुकट आहे, एचआयव्हीचा वेगळा आणि हिपॅटायटिसचा वेगळा, दोन्हीत बघायचं.

कावीळ, लघवी गडद चहासारखी, पोट फुगणं, काळी शौचास होणं, रक्ताची उलटी, बोलण्यात गोंधळ, असं काही दिसलं तर रिपोर्ट बिपोर्ट बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठा.

बाकी वेळेला एक वही. प्रत्येक रिपोर्टची एक ओळ, त्यात तारीख, लॅब, सीडी४ आकडा, टक्का, सीडी८, एचआयव्ही लोड, एएसटी, एएलटी, प्लेटलेट, फिब-४, बी चा डीएनए (म्हणजे बी चा व्हायरल लोड) असेल तर तो. आणि शेवटी एक रिकामा रकाना ठेवा, त्यात त्या महिन्यात काय झालं ते लिहा, ताप होता, गोळी बदलली, लस घेतली, आठवडाभर डोस चुकले. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात, ती फाईल चाळण्यात जाण्यापेक्षा ही वही पुढे केली की ते आधी तो शेवटचा रकाना वाचतात, आणि वाचत नसतील तर तुम्ही बोट ठेवून दाखवा.